चार वाजताची बॅच: २२ महिन्यांच्या मुलीच्या दिवसात टँक कसा बसवला

मुलगी २२ महिन्यांची, राहायला पुण्याच्या पश्चिम भागात. घरात आई, बाबा आणि आजी, म्हणजे बाबांची आई. आईचं काम आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसातून. बाबा रोज हिंजवडीला. घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर सार्वजनिक टँक, म्हणजे पोहण्याचा तलाव, आहे. मोठ्या टँकला लागून लहान मुलांसाठी दोन फुटी टँक, त्यावर अर्ध्या भागात हिरवी जाळी. बॅच ४५ मिनिटांची. सोमवारी सफाईसाठी बंद. लहान टँक सकाळी १०, दुपारी ४ आणि संध्याकाळी ५ वाजता कुटुंबांना खुला; ६ वाजताची बॅच फक्त महिलांची. हे कुणा एकाच घराचं चित्र नाही. टँकवर लहान मूल घेऊन येणाऱ्या घरांमध्ये ज्या अडचणी पुन्हापुन्हा दिसतात, त्या इथे एका घरात आणून मांडल्या आहेत.

मुलीचा दिवस असा: पावणेसातला उठणं, पावणेआठला नाश्ता, नऊला आजीच्या हातची मालिश आणि आंघोळ, पावणेबाराला जेवण, पाऊण ते पावणेतीन झोप, तीनला दूध, सव्वासातला जेवण, पावणेनऊला रात्रीची झोप. रात्रीचे दहा तास आणि दुपारचे दोन, एकूण बारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास सांगितले, त्यात हे आरामात बसतं. म्हणजे घडी नीट बसलेलं मूल आहे. टँक सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात ही घडी विस्कटली, आणि घरात निष्कर्ष निघाला की हिला पाणी झेपत नाही. पाणी झेपत होतं. वेळ चुकत होती.

सहाची बॅच का फसली

आईला सहाची बॅच सोयीची वाटली. काम संपलेलं, ऊन उतरलेलं, महिलांची बॅच म्हणून संकोच नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस ठरले. पाण्यात मुलगी खूश असायची. घोळ त्यानंतर व्हायचा. पावणेसातला बाहेर पडायचं, कपडे बदलेपर्यंत सात, मग रस्त्यावर गर्दी. दुपारची झोप पावणेतीनला संपलेली, म्हणजे सव्वाचार तास जागं राहून झालेले, त्यात पाण्यात हातपाय मारलेले, अंगावर कोरडे उबदार कपडे आणि रिक्षाचे हेलकावे. मूल झोपणारच. दहा-बारा मिनिटं झोपायची आणि दाराशी उठायची.

एवढीशी डुलकी दिसायला निरुपद्रवी असते. दिवसभर जागं राहून झोपेची जी ओढ साठलेली असते, तिची धार या डुलकीने जाते. पोट रिकामं, पण चिडचिडीमुळे जेवण अर्धवट. पावणेनऊला गादीवर टाकलं की डोळे टक्क उघडे, झोप लागायला साडेदहा. दुसऱ्या दिवशी उठायला पावणेआठ, मग दुपारची झोप पावणेदोनला सरकली आणि ती रात्रही उशिरा गेली. एका बॅचची किंमत दीड-दोन दिवस पुरली. आठवड्यातून तीनदा गेल्यावर घडी बसायला एकही दिवस उरला नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला संध्याकाळी सहाच्या किंवा त्यानंतरच्या बॅचला नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घर टँकला लागूनच असेल आणि चालत पाच मिनिटांत पोचता येत असेल, तर गोष्ट वेगळी.

येण्याजाण्यासाठी वाहन कोणतं, हाही झोपेशी जोडलेला प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात एकदा स्कूटर नेली होती. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून हा नियम लागू आहे. पट्टा असला तरी झोपेने मान टाकलेलं, ओल्या केसांचं मूल स्कूटरवर नको. रिक्षा परवडते.

दहाची बॅच, आणि अर्धं उत्तर

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी दहा. आईची साडेअकराची मीटिंग होती, आजी सोबत. यात तीन गोष्टी नडल्या.

पहिली, पाणी गार. उघड्या टँकचं पाणी पहाटे सगळ्यात थंड असतं आणि तापायला दिवस लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच टँकमध्ये सकाळी दहाला २७ अंश आणि दुपारी चारला ३० अंश असा फरक मिळतो. मोठ्या माणसाला तीन अंशांचं फारसं काही वाटत नाही. लहान मुलाचं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसेक पटींनी वेगाने ओढून घेतं. एवढ्या वयाला ३० ते ३२ अंशांचं पाणी बरं. २७ अंशांत दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवूच नये.

दुसरी, तेल. नऊला मालिश करून आंघोळ घातली तरी खोबरेल तेलाचा पातळ थर अंगावर राहतो. पाण्यात असं मूल हातातून निसटतं. काखेत धरलेलं असतानाही निसटतं, हे पहिल्यांदा घडतं तेव्हा घाबरायला होतं. शिवाय तेल पाण्यातलं क्लोरीन खातं. टँकच्या दिवशी सकाळची मालिश नाही, हा नियम आजींनीच केला. मालिश त्या दिवशी रात्री जेवणाआधी.

तिसरी अडचण पुन्हा झोपेचीच, फक्त उलट बाजूने. साडेदहाला पाण्याबाहेर, अकराला रिक्षात, आणि मुलगी उपाशीपोटी झोपली. पाऊण वाजताची झोप सव्वाअकराला लागली आणि भुकेने पन्नास मिनिटांत मोडली. दुपारभर रड.

ही बॅच वाया गेली असं मात्र नाही. डबा सोबत नेला तर ती चालते. टँकवरच बाकावर बसून मऊ वरणभात किंवा मुगाची खिचडी भरवायची, अकरापर्यंत जेवण उरकायचं, मग रिक्षात झोप लागली तरी पोट भरलेलं असतं आणि घरी उचलून गादीवर ठेवता येतं. झोप तास-सव्वा तास आधी झाली, तर रात्रीची झोपही तेवढी आधी लावायची. बाबा घरी असतात त्या रविवारसाठी घराने हा मार्ग ठेवला. आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी दुसरं काही हवं होतं.

उलटं मोजायचं

टँकवर लावलेला तक्ता बघून बॅच निवडली की गणित चुकतं, कारण तक्त्यावर ४५ मिनिटं लिहिलेली असतात आणि घराला त्याहून कितीतरी जास्त लागतात. या घराचा हिशेब असा निघाला: पिशवी आणि मुलीला तयार करणं १० मिनिटं, जाणं १५, खिडकीवर पावती आणि कपडे बदलणं १२, शॉवर ३, पाण्यात २५, बाहेर येऊन अंघोळ-कपडे १५, खाऊ १०, परत येणं १५. एकूण १०५ मिनिटं, पावणेदोन तास. त्यातली पाण्यातली फक्त पंचवीस.

हा पावणेदोन तासांचा तुकडा दिवसात कुठे बसतो? अट दोन्ही टोकांना आहे. सुरुवात झोपून उठल्यावर अर्ध्या तासाने तरी व्हावी, कारण नुकतंच उठलेलं मूल पाण्याला बिचकतं. आणि घरी पोचल्यापासून पुढच्या झोपेपर्यंत निदान अडीच तास उरावेत, म्हणजे वाटेत डुलकी लागायची ओढच कमी. सकाळी नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये हा तुकडा जेमतेम मावतो. दुपारी तो मोकळा बसतो: पावणेतीनला उठणं, तीनला अर्धा कप दूध, तीन वीसला तयारी, साडेतीनला निघणं, चारला पाण्यात, चार पंचवीसला बाहेर, पाच वाजून पाच मिनिटांनी घरी. पुढे खेळ, सव्वासातला जेवण, पावणेनऊला झोप. त्या वेळी पाणीही दिवसातलं सगळ्यात उबदार.

चारची बॅच ठरली ती अशी. बुधवारी आई घरून काम करते, तिने तीन ते सव्वापाच मोकळे ठेवले आणि तो वेळ सकाळी सात ते सव्वानऊ भरून काढला. त्या सव्वादोन तासांत नाश्ता आणि आंघोळ आजींकडे.

उठायला उशीर झाला तर काय, हेही आधीच ठरवलं. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत उठली नाही तर चारची बॅच सोडून पाचची. साडेतीनपर्यंतही उठली नाही तर त्या दिवशी टँक नाही. टँकसाठी मुलीला झोपेतून उठवायचं नाही. पैसे भरलेत म्हणून उठवलं की पुढचे सगळे तास त्याचं व्याज फेडण्यात जातात.

पैशांवरून आठवलं: महिन्याचा पास घ्यायचा की दर वेळी पावती? आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला आठ, त्यातल्या सर्दी, ताप, झोप, पाहुणे यांत दोन-तीन बुडणारच. पासची किंमत सहा पावत्यांहून जास्त असेल तर या वयात पास घेऊ नये. पास असला की बुडालेला दिवस टोचतो आणि जायचं नसताना जाणं होतं.

ऊन, पिशवी, करदोटा

चार वाजता एप्रिल-मे महिन्यात ऊन तिखटच असतं. लांब बाह्यांचा, मानेपर्यंतचा स्विमसूट, डोक्याला टोपी आणि उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला, पोटऱ्यांना सनस्क्रीन. हे घरीच लावायचं, पाण्यात जाण्याआधी निदान पंधरा मिनिटं. टँकवर पोचून लावलं तर सुकण्याआधीच धुऊन जातं. लहान टँकच्या जाळीखालच्या अर्ध्या भागातच थांबायचं.

पिशवीत दोन टॉवेल (एक टोपीवाला), दोन स्विम डायपर, एक साधा डायपर, सुती कपडे, ओले कपडे ठेवायला बंद पिशवी, जमिनीवर अंथरायला छोटी रबरी चटई, पाणी, खाऊ. खाऊ म्हणजे पिकलेलं केळं, नाचणीची घट्ट पेज किंवा कुस्करलेला राजगिऱ्याचा लाडू. शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं अख्खी नकोत. थकलेलं मूल नीट चावत नाही. खाऊ बाकावर बसून संपवायचा, चालत्या रिक्षात नाही.

स्विम डायपरबद्दल गैरसमज फार. साध्या डायपरमध्ये पाणी शोषणारी भुकटी असते, तो टँकमध्ये फुगून जड होतो आणि फाटला तर तिचे चिकट दाणे पाण्यात पसरतात. म्हणून स्विम डायपर हवा. पण तो लघवी अडवत नाही. घरून घालून निघालं तर रिक्षाची सीट भिजते. जाताना साधा डायपर, शॉवरच्या आधी स्विम डायपर. मांडीच्या इलॅस्टिकमध्ये आपलं एक बोट जेमतेम जावं. दोन जात असतील तर माप मोठं आहे. घट्ट शी तो काही वेळ धरतो, जुलाब अजिबात नाही. जुलाब होत असताना मूल टँकमध्ये नेणं म्हणजे बाकी सगळ्या मुलांना आजार देणं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. तो आजार झालेला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे टँक बंद.

आता करदोटा. काळ्या दोऱ्याचा करदोटा स्विम डायपरच्या इलॅस्टिकखाली दबतो, तिथे फट राहते, आणि ओला दोरा तासन्‌तास कातडीला घासत राहिल्याने लाल वळ उठतो. हा वळ बऱ्याच घरांत क्लोरीनची अ‍ॅलर्जी समजला जातो. अ‍ॅलर्जी असती तर पुरळ बहुधा बाकीच्या अंगावरही दिसला असता. कमरेभोवती बरोब्बर एक रेघ असेल तर ती दोऱ्याची. आजींना काढायचा नसेल तर निदान टँकहून आल्यावर ओला दोरा बदलून कोरडा घालावा. पैंजण मात्र घरीच काढून ठेवायचे: घुंगरू सुटतं, तळाशी पडतं आणि पुढच्या मुलाच्या तोंडात जातं. काजळही नको, ते ओघळून डोळ्यांत उतरतं.

पाण्यातली पंचवीस मिनिटं

बॅच ४५ मिनिटांची असली तरी ती पुरी वापरायची नाही. पहिली तीन-चार मिनिटं पायरीवर, मांडीवर बसवून, पाणी गुडघ्यापर्यंत. मग काखेत दोन्ही हात घालून, तोंड आपल्याकडे, छातीपर्यंत पाण्यात. मोठ्या माणसाने उभं न राहता गुडघ्यांवर बसावं, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर येतात आणि मूल कमी आखडतं. पाठीवर तरंगवताना डोकं आपल्या खांद्यावर टेकलेलं. बुडकी मारून ‘सवय लावणं’ नको: लहान मूल पाणी गिळतं, आणि बरंच पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका असतो.

दंडावरचे हवेचे फुगे आणि कमरेची रिंग यांना खेळणं समजावं. फुगे मुलाला उभं तरंगवतात, आणि पाय खाली घेऊन उभं राहणं ही बुडणाऱ्याची स्थिती आहे, पोहणाऱ्याची नाही; शिवाय त्याला वाटायला लागतं की पाण्यात आपण आपोआप वर राहतो. खेड्यात विहिरीवर पाठीला डबा बांधून शिकवायचे तेव्हा पोर निदान पालथं तरंगायचं आणि दोर काठावरच्या काकांच्या हातात असायचा. पण तीही पाच-सहा वर्षांपुढची गोष्ट.

एका हाताच्या अंतरावर सतत एक मोठं माणूस, ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस इथे जशीच्या तशी लागू आहे. लाइफगार्डचं लक्ष मोठ्या टँकवर असतं. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. दोन फूट पाण्यात गुपचूप तोंडावर पडतं. आई-बाबा दोघं असताना धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून रविवारी या घरात मूल एकाकडून दुसऱ्याकडे देताना ‘आता तुझ्याकडे’ असं मोठ्याने म्हणायचं आणि ‘घेतली’ असं उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नाही.

आजी पाण्यात उतरत नाहीत. काठावर टॉवेल उघडून उभ्या राहतात, आणि या सगळ्या बेतात त्यांचं काम सगळ्यात मोलाचं ठरलं. पाण्यातल्या माणसाला मुलाचा चेहरा जवळून दिसतो, रंगातला बदल लवकर कळत नाही. एका बुधवारी आई म्हणाली, “अहो आई, अजून पाचच मिनिटं, बघा किती शांत झालीये.” आजी म्हणाल्या, “शांत नाही गं, गारठलीये. ओठांच्या कडा बघ.” कडा जांभळट होत्या. थंडी वाजू लागली की या वयाची मुलं आधी गप्प होतात, हातपाय पोटाशी घेतात, मग ओठ बदलतात, थरथर दिसेलच असं नाही. थरथर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. मूल हसत-खेळत असतानाच बाहेर काढायचं. ‘अजून’ म्हणून रडेल, ते रडणं कपडे घालेपर्यंत ओसरतं.

बाहेर आल्यावरचा क्रम पक्का हवा. आधी डोकं टॉवेलमध्ये, मग ओले कपडे काढणं. ओल्या कपड्यांवरून गुंडाळलेला टॉवेल ऊब देत नाही. स्विम डायपर टँकच्या काठावर कधीच उघडायचा नाही, चेंजिंग रूममध्ये दोन्ही बाजू फाडून काढायचा. कोमट नसलं तरी साध्या पाण्याची एक मिनिटाची अंघोळ, जांघा आणि मानेच्या वळ्या टिपून कोरड्या, कानाच्या बाहेरच्या कडा टॉवेलच्या टोकाने. कानात काडी घालायची नाही. मॉइश्चरायझर, सुती कपडे. आई एकटी असेल तेव्हा तिने कॉश्च्युमवरून गाऊन चढवायचा, आधी मुलीचं सगळं उरकायचं आणि मुलगी चटईवर खाऊ खात बसली की मग स्वतःचं. ओल्या फरशीवर मूल उभं करून स्वतःचे कपडे बदलायला वळणं, घसरून डोकं आपटण्याचं कारण हेच ठरू शकतं.

पाणी चांगलं आहे का

लहान टँकची काळजी मोठ्याहून जास्त घ्यावी लागते. पाणी उथळ, उबदार, त्यात मुलं जास्त आणि वरून ऊन. उन्हाने क्लोरीन झपाट्याने उडतं. मोठ्या टँकचं माप फळ्यावर लिहिलेलं असलं तरी लहान टँकचं वेगळं विचारावं. मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) निदान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ हवा. बाजारात मिळणारी चाचणीची पट्टी बुडवून अर्ध्या मिनिटात कळतं. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर, असं समजतात. तो वास क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन येतो. असा वास असेल किंवा तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पावती फाडलेली असली तरी पाण्यात उतरू नये. बुधवारचे चार यासाठीही बरे. मंगळवार हा सफाईनंतरचा पहिला दिवस, बुधवार दुसरा; अख्ख्या आठवड्याची गर्दी रविवारी होते आणि मे महिन्यात रविवारी दुपारी लहान टँकमध्ये आठ-दहा वर्षांची मुलं उड्या मारतात. रविवारी या घराने सकाळचे दहा ठेवले ते काही अंशी त्यामुळेच.

सहा आठवड्यांनी घडी अशी बसली: बुधवारी चार, एक आड एक रविवारी दहा. पावणेनऊची झोप टँकच्या दिवशी उलट सव्वाआठ-साडेआठला लागू लागली, कारण मूल दमलेलं असतं आणि वाटेत डुलकी झालेली नसते. जेवण सव्वासातऐवजी पावणेसातला आणलं. तीन दिवसांचा हट्ट आईने सोडला.

हे वेळापत्रक जूनपर्यंतचं आहे. जूनच्या मध्यावर प्लेग्रुप सुरू झाला की सकाळ जाते आणि दुपारची झोप साडेबारालाच लागण्याची शक्यता आहे. मग चारच्या बॅचला उलट जास्त मोकळीक मिळेल. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसलं तर तो दिवस सोडायचा. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा ११-१२ अंशांवर येतो, न तापवलेला उघडा टँक तेव्हा या वयाला चालत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. मार्चमध्ये मुलगी पावणेतीन वर्षांची असेल. तीनच्या आसपास दुपारची झोप कमी होऊ लागते, आणि ज्या दिवशी ती झोपणार नाही त्या दिवशी चारची बॅच सहाच्या बॅचसारखीच वागेल. तेव्हा पावणेदोन तासांचा तुकडा हातात घेऊन पुन्हा उलटं मोजायला बसायचं.